भिंतीवरची रूथ

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत केशरबाईचं घर. त्या घरात शास्त्राचं वचन कधी रिकामं बसलं नाही. रोज कुणा ना कुणाला ते लागू व्हायचंच.

केशरबाईची शाळा तिसरीतच सुटली. अक्षराला अक्षर जोडत ती ओळीच्या टोकाला पोचायची, तोवर सुरुवात निसटलेली असायची. पण कान मात्र पक्का. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब एकदा बोलले की ते वचन तिच्या ओठावर, आणि ओठावर आलं की कुणाच्या तरी पाठीवर. शेजारच्या उषाबाईचा पोरगा दुपारपर्यंत लोळला की ही ओट्यावरून सुनावायची, "जो काम करत न्हाई त्यानं खाऊ बी नये. मी न्हाई म्हणत, पौल म्हणतो!" हिच्या घरी नवा फ्रीज आला तेव्हा उषाबाई त्याच्यापुढं जरा जास्तच वेळ उभी राहिली. लगेच वचन तयार. "हेव्यानं हाडं कुजतात, उषाबाई. शलमोन राजा सांगून गेला."

उषाबाई काही मुकी नव्हती. "माझ्या हाडांचा फोटो काढलाय परवाच. बिलकुल बराबर हैत. तुमचेच गुडघे कुरकुर करून राह्यले."

एवढी वचनं पाठ, पण केशरबाईचा जीव एकाच वचनात. तिच्या प्रेमचा हात स्टीलच्या कारखान्यात भाजला होता. दवाखान्यात पट्टी करायला जी सिस्टर होती, तिच्याशीच त्यानं लग्न ठरवलं. भावना तिचं नाव. टेंभुर्णीच्या बौद्ध घरातली, आईबाप दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गल्लीत कुजबुज झाली. केशरबाईनं एका वाक्यात गल्लीची तोंडं शिवली. "शास्त्रातली रूथ तरी कुठं आपल्यातली व्हती? बाहेरूनच आल्ती ना?" आणि लग्नात तिनं हट्टानं एक नवीच रीत घातली. नवरानवरीची वचनं झाली की बायबलातली रूथ आपल्या सासूला, नामीला, जे शब्द म्हणते, तेच नवरीनं सासूसमोर उभं राहून म्हणायचे. भावनानं म्हटले. तू जाशील तिकडे मी येईन. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. केशरबाईनं ते शब्द लाल मखमलीवर सोनेरी अक्षरांत करून घेतले, काच लावली आणि टीव्हीच्या वर ठोकले.

तेव्हापासून ती फ्रेम घरात पोलिसाचं काम करायची. भावनानं टेंभुर्णीचं नाव काढलं की केशरबाई नुसती भिंतीकडे बघायची. फारच झालं तर म्हणायची, "जा की. कोण धरतंय? नामीला दोन सुना व्हत्या. एक रूथ, दुसरी अर्पा. अर्पा पळाली माहेरला. पुन्हा शास्त्रात कुणी तिचं नाव घेतलं का?" मग भावना दोन दिवसांचं माहेर एका दिवसात गुंडाळून परत यायची. गल्लीतल्या ख्रिस्ती सासवांनीही हे उचललं. सून माहेरी चार दिवस जास्त राहिली की, "झाली का अर्पा?"

अशा या घरात दिवाळीनंतर भावनाची आई राहायला आली.

बेबीनंदाबाई. त्यांचे मालक, सर्जेराव मास्तर, वारून वर्ष होत आलं होतं. मुलगा राजानंद नोकरीमुळे नागपूरला. टेंभुर्णीच्या घरात त्या एकट्या, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भावनानं जालन्यातच ऑपरेशन ठरवलं. केशरबाईनं इहिणीला दारात ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. "या, इहीणबाई, या. तुमचंच घर समजा." आता हे बोलायचं असतं म्हणून बोलतात. समोरच्यानं ते खरं धरायचं नसतं.

काळा चष्मा लावून बेबीनंदाबाई पलंगावर बसल्या आणि घर त्यांच्याभोवती फिरायला लागलं. साक्षी, दहा वर्षांची नात, शाळेतून आली की दप्तर इकडं आणि स्वतः तिकडं, आजीच्या मांडीला मांडी लावून. भावना ड्युटीवरून दमून आली तरी आधी आईचं पांघरूण नीट करणार. हे एक वेळ केशरबाईनं गिळलं. लेक आहे, करणारच. गिळता आलं नाही ते पोटच्या पोराचं.

प्रेम पाळी संपवून यायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि औषधाची बाटली घेऊन पलंगाशी बसायचा. पहिले दोन दिवस तो म्हणाला, "मामी, मान मागं करा." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, मान मागं करा."

केशरबाई स्वयंपाकघरात तव्यापाशी होती. हातातली भाकरी हातातच राहिली. तिला तो जन्मापासून 'माय' म्हणायचा. माय म्हणजे रोजच्या वापरातला शब्द, कपड्यानं पुसलेल्या पाटासारखा. आणि ही 'आई'? कडक इस्त्रीची! आपल्या डोळ्यात कुसळ गेलं तर हाच पोरगा मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, "पाण्यानं धू, माय." कुसळाचं वचनही केशरबाईला पाठ होतं. त्यातला मुसळाचा भाग ती दुसऱ्यांसाठी राखून ठेवायची.

डोळे जरा सुधारल्यावर बेबीनंदाबाईंनी एक दिवस येसराची आमटी केली. येसर म्हणजे या घरात केशरबाईचा प्रांत. मसाला भाजायला सुनेलाही हात लावू द्यायची नाही. साक्षीनं दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. केशरबाई गोड हसून म्हणाली, "छान झाली. जरा पाणी जास्त झालं, पण म्हाताऱ्या माणसाला पचायला बरी." वयानं ती स्वतः इहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

त्या रात्री तिचे गुडघे ठणकले. थंडी पडली होती म्हणा.

मग आला बुधवार. बुधवारी दुपारी गल्लीतल्या बायका केशरबाईच्या घरी प्रार्थनेला जमायच्या. जागा हिची, चटई हिची, चहा हिचा, कुणासाठी काय मागायचं हेही हीच ठरवायची. वाचायला फक्त भावना लागायची. त्या बुधवारी भावनाची ड्युटी बदलली आणि उषाबाई चष्मा विसरून आली. बायका एकमेकींची तोंडं बघत बसल्या. आतल्या खोलीतून बेबीनंदाबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "चालत असेल तर मी वाचू? आता बारीक अक्षरसुद्धा दिसतंय."

चालत असेल तर! केशरबाईला नाही म्हणायचं होतं. बुद्धाला वंदन करणारी बाई, रोज सकाळी खिडकीशी उभं राहून आपली वंदना म्हणणारी, आमचं शास्त्र वाचणार? पण तोंड उघडायच्या आत उषाबाईनं पुस्तक त्यांच्या हातात दिलंसुद्धा.

घर सोडून गेलेल्या धाकट्या पोराची गोष्ट होती. बापानं त्याला मिठी मारली, मेजवानी दिली, हे सगळ्यांना पाठ. पण बेबीनंदाबाई तिसरीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं वाचत होत्या. सावकाश. जिथं थांबायचं तिथं थांबून. आणि थोरला भाऊ शेतातून आला, त्याला आतून गाण्याबजावण्याचा आवाज आला आणि तो घरात जाईना, इथं त्या अशा थांबल्या, की बायकांना तो भाऊ दाराबाहेर उभा दिसला.

"बाई गं," उषाबाई म्हणाली, "या थोरल्याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. किती वाईट वाटलं असंल त्याला!"

केशरबाईला आयुष्यात पहिल्यांदा त्या थोरल्या भावाचं शंभर टक्के पटलं. इतकी वर्षं राबलं कोण? आणि पोसलेलं वासरू कुणासाठी कापलं?

पुढच्या बुधवारी सहा बायका जास्त आल्या. "मॅडम वाचणार आहेत ना?" असं विचारत आल्या. मॅडम! केशरबाईच्या घरात, केशरबाईच्या चटईवर बसून. आजवर तिनं कुणाला आपल्या वर चढू दिलं नव्हतं. चहा करायला ती उठली तर थांबवलंही नाही कुणी. आतून तिला नुसता तो आवाज ऐकू येत राहिला. आपले डोळे धड, पण अक्षर आंधळं. हिचे डोळे कापलेले, आणि अक्षर असं डोळस.

शेवटी रविवारी जेवणं झाल्यावर भावनानं विषय काढला. प्रेम शेजारी मान खाली घालून बसलेला, म्हणजे दोघांचं आधी ठरलेलं.

"आत्याबाई, आईला आता इथंच राहू द्यावं म्हणते. टेंभुर्णीत एकटी किती दिवस राहील? दादा नागपूरला बोलवतो, पण तिथं दोन खोल्यांत तिचा जीव घुसमटतो."

"तुझी आई काय म्हणून राह्यली?"

"ती म्हणते, तुझ्या सासूबाईंना विचार. त्यांचं घर आहे."

हे ऐकून तर केशरबाईला जास्तच राग आला. चांगुलपणातसुद्धा ही पुढं! "मी काय बोलणार?" ती म्हणाली. "बुधवार होऊ द्या. देवापुढं बसू, मंग सांगते." आणि तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. तिचं ठरलं होतं. लेक कुणाची झाली, हे आईनं स्वतःच्या तोंडानं वाचायचं. सगळ्या बायकांपुढं. त्या गोड आवाजात.

बुधवारी चटई भरली. भावनानंही सुट्टी काढली होती. केशरबाईनं पदर सावरला. "आज रूथ वाचू. पहिला अध्याय. इहीणबाई, जरा खालून, रूथ सासूला म्हणती तिथून धरा. तेवढंच बास हाय."

बेबीनंदाबाईंनी पान काढलं. बोट ठेवलं. मग वर सरकवलं. "मधूनच धरलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही कोण, कुठली. पहिल्यापासून वाचते. लहानच आहे धडा."

"न्हाई, तसं नको..."

"वाचू द्या ना, केशरबाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वाचन सुरू झालं.

दुष्काळ पडला. नामी नवऱ्यासंगं, दोन पोरांसंगं परक्या मुलखात गेली. नवरा मेला. पोरांची लग्नं झाली, पोरंही मेली. तीन बायका उरल्या, तिघीही विधवा. केशरबाईनं हे एवढं कधी ऐकलं नव्हतं. लग्नात कोण वाचतं हे? मग नामी आपल्या गावाकडं निघाली, सुना मागं चालल्या, आणि रस्त्यात थांबून ती सुनांना म्हणाली, पोरींनो, तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा. तुम्ही माझ्यावर माया केलीत, देव तुमच्यावर करो. आणि तिनं त्यांचे मुके घेतले. त्या मोठ्यानं रडल्या. नाही जात म्हणाल्या. नामीनं पुन्हा सांगितलं, जा. अर्पानं सासूचा मुका घेतला आणि ती रडत रडत गेली.

चटईवर चुळबुळ झाली. "म्हंजे?" उषाबाईनं तोंडावर हात ठेवला. "सासूनंच पाठवलं व्हतं? दोनदा सांगून? केशरबाई, तुम्ही तर म्हणायच्या पळाली!"

केशरबाई भिंतीकडे बघू शकली नाही. भावनाकडेही नाही. भावना खाली बघून चटईची काडी सोलत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

मग रूथचे शब्द आले. तू जाशील तिकडे मी येईन. बेबीनंदाबाईंनी ते पुस्तकात न बघता वाचले. नजर फ्रेमवर, आवाज सरळ, कुठंही न कापता. तसंच पुढं गेल्या. नामी गावात पोचते. बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला गोड नावानं हाक मारू नका, कडू म्हणा. भरल्या हातांनी गेले होते. देवानं मला रिकामी...

इथं त्या थांबल्या. थांबायची जागा नव्हती ही. पुस्तक मिटून त्यांनी कपाळाला लावलं, उषाबाईच्या हातात दिलं आणि चष्मा पुसत आत गेल्या. त्या दिवशी चहा कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी भावना ड्युटीवर, प्रेम कारखान्यात, साक्षी शाळेत. केशरबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आतून बेबीनंदाबाई आल्या, हातात पिशवी.

"कुठं निघाल्या, इहीणबाई?"

"टेंभुर्णीला."

"भावनाला ठाऊक हाय?"

"ती घरात असती तर सोडलं नसतं तिनं."

"मंग नाव माझंच व्हणार की. केशरबाईनं इहिणीला हाकललं."

"तुम्ही कुठं हाकललं? तुम्ही धडा दिला, मी वाचला." बेबीनंदाबाई चपला शोधत म्हणाल्या. "आयुष्यभर शिकवलं हो मी. कोणता धडा कुणासाठी लावलाय, ते मला कळतं."

झालं. पाहिजे होतं ते झालं. पलंग रिकामा होणार, 'आई' बंद होणार, बुधवार परत आपला. पण मेथीची काडी केशरबाई नुसतीच मोडत राहिली. "राग आलाय का तुम्हाला? आला असंल तर तोंडावर बोला. मी ऐकून घेईन."

"राग नाही." त्या पिशवी मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला टेकल्या. "हेवा."

"कशाचा हेवा?"

"तुमचा. लग्नाच्या दिवसापासून." बेबीनंदाबाई गल्लीकडे बघत बोलत होत्या. "तिसऱ्या बाकावर बसले होते मी मास्तरांशेजारी. ज्या पोरीला मी बोलायला शिकवलं, अक्षर गिरवायला शिकवलं, ती भरल्या चर्चमध्ये तुम्हाला म्हणाली, तू जाशील तिकडे मी येईन. मला कधी म्हणाली नाही असं. कशाला म्हणेल, मी आईच ना. घरी गेल्यावर मास्तर जेवले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. नंतर तुमच्याकडं आले की त्या फ्रेमकडं पाठ करूनच बसायची. पाहिलं असेल तुम्ही."

पाहिलं होतं. केशरबाईनं तो शास्त्राचा अपमान धरला होता आणि पाळकसाहेबांना सांगितलाही होता.

आता मात्र तिच्या छातीत काहीतरी गारेगार पसरलं. बाई, बाई, बाई! शिकलेली, पेन्शनवाली, सगळी गल्ली जिला मॅडम म्हणते, ती बाई इतकी वर्षं केशरबाईवर जळत होती. आणि केशरबाईला पत्ता नाही! एवढा मान तिला ना नवऱ्यानं दिला होता, ना चर्चनं.

"म्हंजे तुमची हाडं बी कुजली म्हणायची," ती म्हणाली.

"कुजली."

"आणि मला वाटलं माझीच." हे बोलायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

बेबीनंदाबाईंनी काळा चष्मा वर करून तिच्याकडं पाहिलं. आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. समोरच्या दारातून उषाबाईनं मान बाहेर काढली, तशी केशरबाई ओरडली, "काय न्हाई, उषाबाई! हाडांची गोष्ट चाल्ली!"

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पिशवी ओढून घेतली. "आणा इकडं. नामी रिकाम्या हातानं आल्ती, पण तिला कुणी ओट्यावरून माघारी धाडलं का? आणि तो पुढचा अध्याय कोण वाचील? उषा? ती आमेन म्हणताना बी अडखळती."

"केशरबाई, भावनासाठी म्हणत असाल तर..."

"मी कुणासाठी म्हणत न्हाई. माझं ऐका. एक, काय वाचायचं ते मी सांगणार."

"पहिल्यापासून वाचणार मी."

"वाचा. दोन, येसराला हात लावायचा न्हाई. तीन, ती सकाळची वंदना खिडकीत उभ्यानं म्हणून राह्यल्या तुम्ही, ती खुर्चीवर बसून म्हणा. तुमचे गुडघे बी माझ्यासारखेच हैत, दिसतंय मला. आणि भावनाला यातलं काही बोलायचं न्हाई."

"हेव्याचं?"

"पिशवीचं. हेव्याचं तर देवालाबी सांगू नका."

संध्याकाळी भावना आली तेव्हा दोघी पलंगावर बसून साक्षीच्या स्वेटरची लोकर गुंडाळत होत्या. आई कुठल्या कोपऱ्यात बसलीय हे पाहायची भावनाची जुनी सवय. आज आईचं तोंड फ्रेमकडं होतं. भावनानं सासूकडं पाहिलं. सासू लोकरीतली गाठ सोडवण्यात गुंग. गाठ सोडवता सोडवता म्हणाली, "नाताळानंतर टेंभुर्णीला जाऊन ये आईसंगं. घर बघून या, सामान आणा. आठ दिवस राहा बराबर. घाई नको."

"आठ दिवस?" भावनाला विश्वास बसेना.

"नामीनं दोनदा सांगितलं, मी एकदाच सांगते. जायचं तर जा."

एवढ्यात प्रेम आला. बूट काढले, हात धुतले, कोपरापर्यंत, आणि बाटली उचलून म्हणाला, "आई, मान मागं करा."

केशरबाईचा हेवा पुन्हा भडकला. जसाच्या तसा! सकाळचं सगळं हसणं त्यात सुक्या काटक्यांसारखं जळालं. वचनं आठवली, एक सोडून दहा, पण एकही उपयोगी पडलं नाही. ती उठली आणि पोराच्या हातातून बाटली हिसकावली.

"दे इकडं. बाप्या माणसाचा हात, डोळ्यात घालतो का गालावर, काय कळतं? आजपासून मी घालणार."

"माय, तुला जमंल का?"

"तुझ्या डोळ्यात मीच घालायची, तान्हा होतास तेव्हा." तिनं इहिणीची हनुवटी धरून मान मागं केली. हनुवटी आपल्यासारखीच सुरकुतलेली, आणि आपल्या हातापेक्षा गरम. पहिला थेंब नाकावर पडला. "हलू नका, इहीणबाई."

"तुमचाच हात हलतोय."

"थंडीनं."

प्रेम रिकामे हात घेऊन बाजूला उभा होता. "हात तरी धुतले का, माय?"

"धुतले," केशरबाई म्हणाली आणि दुसरा थेंब नेमका डोळ्यात सोडला. "तू यायच्या आधीच. कोपरापर्यंत."